जास्तीची सही

६ ऑक्टोबर २०२५
ठाकूरद्वार

ताई,

सहा वर्षांनी लिहितोय म्हणजे आधी खुशालीच्या चार ओळी घालायला हव्यात. पण तू त्या सोडून थेट खाली बघशील, चिंतूने काय मागितलंय ते. म्हणून आधी मागून टाकतो. सोबत एक छापील कागद आहे, वर ‘ना हरकत पत्र’ असं लिहिलेला. खाली पेन्सिलने फुली मारली आहे तिथे सही कर आणि कागद परत पाठव. पाकीट सोबत आहे, त्यावर पत्ता घातलाय, तिकीटही लावलंय. तुला देवरुखच्या पोस्टापर्यंत जाण्याखेरीज काही करायचं नाही.

आता कशासाठी ते. आपली वाडी पाडून नवी इमारत होणार आहे. खोलीची भाडेपावती अजून आईच्या नावावर आहे. तिचं नाव काढायला माझा हात होत नव्हता, म्हणून राहिलं. पण मेलेल्या माणसाची संमती कुणी धरत नाही. पावती माझ्या नावावर करायची तर दुसऱ्या वारसाची हरकत नाही असा कागद लागतो, आणि दुसरी वारस तू. मालकाचा मेहताजी सध्या साध्या कागदावर घेतो म्हणाला. नुसती औपचारिकता आहे.

घाई माझ्यासाठी नाही, स्पृहासाठी आहे. ती पाच वर्षं ऑपेरा हाऊसजवळ एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायची. लोकांना वेळ द्यायची आणि संध्याकाळी दगडासारखा चेहरा घेऊन घरी यायची. जानेवारीत म्हणाली, “बाबा, मी सोडतेय. जागांच्या धंद्यात जाते.” मी म्हटलं, दलाल होणार? “एजंट, बाबा. त्याची सरकारी परीक्षा असते, लायसन्स असतं.” मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिचं पुस्तक उघडून बसलो.

ताई, फोर्टात वकिलांच्या कचेरीत मी बत्तीस वर्षं कागद वाचले. घरात त्याचा कुणाला उपयोग नव्हता. आता जेवणं आटोपली की आम्ही बापलेक भाडेपावत्या पसरून बसायचो. पावतीवरचं नाव आणि राहणाऱ्याचं नाव जुळतं का, तारीख कुणी मागाहून घातली का, सही आधी झाली की मजकूर आधी, हे सगळं मी तिला भिंग घेऊन शिकवलं. ती परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली. आपली वाडी ज्यांनी घेतली त्याच बिल्डरच्या ऑफिसात सहा महिन्यांच्या बोलीवर लागली. काम एकच, वाडीतल्या एकेचाळीस खोल्यांची संमती आणायची. २९ नोव्हेंबरला मुदत संपते. झालं तर नोकरी पक्की, नाही तर परत त्या काउंटरवर.

अडतीस झाल्या आहेत. उरलेल्या तीनांत एक आपली.

तुझा
चिंतामणी


२४ ऑक्टोबर २०२५

ताई,

पत्र पोचलं असेल. पोस्टाच्या साइटवर बघितलं, नऊ तारखेला तुझ्या हातात दिलंय. फोन तू उचलत नाहीस ते ठीक, मला त्याची सवय आहे.

काल भाऊबीज झाली. सीमाने दरवर्षीप्रमाणे पाट मांडला आणि दरवर्षीप्रमाणे उचलून ठेवला. 

तुला इथली परिस्थिती कळावी म्हणून सांगतो. तळमजल्यावरचे गुणाजी तुला आठवतील, गणपतीत मृदंग वाजवायचे ते. ते आणि त्यांच्या शेजारची खोली अजून अडून आहेत. शेजारीण म्हणते, गुणाजींनी दिली की मी देते. परवा मी स्पृहाबरोबर त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं, मी सोबत असलो की मान ठेवतील. आयुष्यभर या वाडीतल्या प्रत्येकाचा अर्ज मी लिहून दिलाय, त्यांच्या मुलाच्या शाळेचासुद्धा. त्यांनी चहा दिला, पेपर घडी करून ठेवला आणि स्पृहाकडे न बघता मला म्हणाले, “चिंतामणराव, आधी तुमचो कागद दाखवा, मगे माझो मागा. तुमच्या घरातली सही नाय, नि आमी कशाक द्यायची?”

स्पृहा म्हणाली, “काका, येतोय आमचा. आत्याकडून येतोय.” तिने तुझं नाव इतक्या खात्रीने घेतलं की मी चहाचा कप खाली ठेवला.

बाहेर आल्यावर जिन्यात तिने विचारलं, “बाबा, येतोय ना?” मी हो म्हटलं.

आईच्या शेवटच्या आजारपणात चार महिने तू इथे राहून सगळं केलंस, ते मी विसरलो आहे असं समजू नकोस. तू होतीस म्हणून आईचं सगळं नीट झालं, हे मी चारचौघांत सांगतो. पण त्याचा आणि या कागदाचा संबंध जोडू नये असं मला वाटतं. राग माझ्यावर असेल तर माझ्यावर काढ. पोरीने तुझं काय बिघडवलंय? तू तिला मनू म्हणायचीस.

कागद हरवला असेल म्हणून दुसरा जोडतो.

चिंतामणी


३ नोव्हेंबर २०२५

ताई,

पाकीट आलं. स्पृहाने पोस्टमनकडून घेतलं, जिन्यातच फाडलं, आणि वर येऊन माझ्या हातात दिलं. सहीच्या जागी, माझ्या फुलीवर, तू निळ्या पेनने एकच शब्द लिहिलास. ‘बघू.’

हे काय उत्तर झालं? बघू म्हणजे कधी? काय बघायचं आहे तुला? काही विचारायचं असेल तर विचार, अट असेल तर लिही. मी कागदपत्रांतला माणूस आहे, हो समजतं, नाही समजतं. ‘बघू’चं मी काय करायचं?

स्पृहाने हेच विचारलं. “आत्याने बघू का लिहिलं?” मी म्हटलं, तिची सवयच आहे ती. सीमा ओट्याशी होती. तिने हातातली कढई जरा जोरात ठेवली आणि बाहेर गॅलरीत निघून गेली. आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तुझ्या एका शब्दाने घरात हे झालं, कळलं का?

स्पृहा ऑफिसात वरच्यांना काय सांगते ते मला ऐकू येतं. फोनवर म्हणते, “सर, फॅमिली मॅटर आहे, सॉर्ट होतंय.” हितेंद्र म्हणून तिचे साहेब आहेत. काल त्यांनी तिला सगळ्यांसमोर ऐकवलं, स्वतःच्या घरची सही आणू शकत नाहीस तर दुसऱ्यांच्या घरात काय जाणार. ती हे मला हसत हसत सांगत होती. दातांच्या डॉक्टरकडचं काही विचारलं की ती अशीच हसायची. मला ते हसू पुन्हा बघायचं नव्हतं.

आई गेल्यावर तू निघून गेलीस ती तुझ्या मर्जीने. तुला कुणी जा म्हटलेलं नव्हतं, हे लक्षात ठेव.

एका सहीवाचून जग थांबत नाही. काल निळी फाइल काढली होती, आईच्या दाखल्यांची. त्यात बरंच काही सापडलं. असो.

चिंतामणी


९ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुला आता तसदी घ्यायची गरज नाही. विषय मिटला. पावतीचं काम मार्गी लागलं, गुणाजींनीही काल सही केली, शेजारणीची उद्या होईल. स्पृहा खूश आहे. काल येताना सुतरफेणी घेऊन आली, आणि तुझ्याविषयी इतकं चांगलं बोलली की काय सांगू. तुला फोन करणार म्हणते. तू उचलत नाहीस हे मी तिला सांगितलंय.

तिने केलाच तर तू कशाला उचलतेस. उगाच जुने विषय निघतात.

थंडी पडली असेल तिकडे. जपून राहा.

चिंतामणी


१३ नोव्हेंबर २०२५

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. किंवा नको, ठेव. पुरावा म्हणून ठेव.

आईचा मृत्यूचा दाखला आठवतो? त्यात ‘कौसल्या’चं ‘कैशल्या’ झालं होतं. दुरुस्तीच्या अर्जावर आपल्या दोघांच्या सह्या लागणार होत्या. तू पोळ्या करत होतीस. मी कागद पुढे केला, तू पिठाचे हात पुसलेस आणि न वाचता सही केलीस. मग मी एक कोरा कागद पुढे केला. म्हटलं, एक जास्तीची असू दे, खाडाखोड झाली तर. कचेरीतली सवय आहे ती, पक्षकार परत परत हाताशी लागत नाही. तू म्हणालीस, “चिंतू कागद पुढे करतो म्हणजे सही करायची, विचारायचं नाही.” आणि कोऱ्या कागदाच्या तळाशी केलीस.

अर्ज पहिल्याच कागदावर झाला. दुसरा निळ्या फाइलीत राहिला, सहा वर्षं.

पाच तारखेला सकाळी मी तो घेऊन नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. आधी तीन साध्या कागदांवर छापून समास जुळवला, मजकूर किती वर संपायला हवा ते मोजलं. मग तुझा कागद मशीनमध्ये घातला. माझा हात जराही कापला नाही. हे मला तुला सांगायलाच हवं, कारण कापला असता तर मी स्वतःला थोडं माफ केलं असतं.

स्पृहाला म्हटलं, आत्याचं दुसरं पत्र आलं, मन बदललं तिचं. तिने मला मिठी मारली. शनिवारी तो कागद दाखवून तिने गुणाजींची सही घेतली.

सोमवारी तिला तो ऑफिसात स्कॅन करून द्यायचा होता. सकाळी डबा भरता भरता ती खिडकीपाशी गेली आणि कागद उजेडात धरला. माझीच शिकवण, कुठलाही कागद द्यायच्या आधी एकदा उजेडात धरायचा. मग तिने खणातून भिंग काढलं. मी दाढी करत होतो, आरशात मला ती दिसत होती. ती भिंग एकाच जागी परत परत नेत होती.

तुझ्या सहीतल्या ‘ललिता’च्या ‘लि’ची वेलांटी, ताई. लहानपणापासून ती वरच्या ओळीत घुसते, मास्तर ओरडायचे. मी मजकूर कितीही वर घेतला तरी शेवटच्या ओळीतल्या ‘हरकत’च्या ‘र’ला ती वेलांटी छेदून गेली होती. खरा कागद असता तर छपाई खाली आणि शाई वर दिसली असती.

“बाबा,” ती म्हणाली, “शाई खाली आहे.”

एवढंच. ओरडली असती तर मला काही तरी बोलता आलं असतं. मी अर्धी दाढी तशीच ठेवून म्हटलं, तुझ्यासाठी केलं. ती म्हणाली, “माझं लायसन्स आहे, बाबा. त्यावर माझं नाव आहे. तुम्ही माझ्या हातात हे देऊन मला लोकांच्या दारात पाठवलंत.”

ती आधी तळमजल्यावर गेली. गुणाजींना त्यांचं संमतीपत्र परत दिलं आणि म्हणाली, काका, आमचा कागद खोटा होता. वाडीत पन्नास वर्षं मी मान वर करून चाललो, त्याचं काय होणार हे मी वरच्या गॅलरीत उभा राहून ऐकत होतो. गुणाजींनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, “चेडवा, बस. पाणी पी.” माझ्याकडे त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

ऑफिसात तिने हितेंद्रसाहेबांनाही सांगून टाकलं. त्यांचं म्हणणं, कागद आत जाऊ दे, कोण भिंग घेऊन बसलंय? ती म्हणाली, “मी.” त्यांनी मुदत वाढवलेली नाही. २९ म्हणजे २९, आणि तोपर्यंत तुझं तू बघ, असं म्हणाले.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या ‘बघू’चा अर्थ मला पहिल्या क्षणी कळला होता.

आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघं गॅलरीत तांदूळ निवडत होतो. तू म्हणालीस, “चिंतू, मी इथेच राहिले तर काही हरकत नाही ना?” भावोजी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. देवरुखला पुतण्यांनी तुला मागच्या पडवीत काढलं होतं, हे मला ठाऊक होतं. तू तांदळातून मान वर केली नव्हतीस. आणि मी म्हटलं, “बघू. स्पृहाचं शेवटचं वर्ष आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी पिशवी दाराशी होती.

स्पृहाचं वर्ष हे निमित्त होतं. जागाही होती. आई चार महिने जिथे झोपली ती जागा होती. माझ्या मनात आलं ते असं, की ही इथे राहिली तर उद्या पावतीवर हिचं नाव येईल. आईला जाऊन चौदा दिवस झाले होते आणि मी पावतीचा विचार करत होतो. त्यानंतर पावती बदलायला मी सहा वर्षं गेलो नाही, कारण त्यासाठी तुझ्याकडे सही मागावी लागली असती. आईचं नाव काढायला हात होत नव्हता वगैरे मी लिहिलं ते खोटं.

आणि ‘नुसती औपचारिकता’ हेही खोटं. तू ती सही केली असतीस तर नव्या घराच्या करारावर फक्त माझं नाव आलं असतं. तुझा हक्क तिथे संपला असता. पहिल्या पत्रात मी हे एका ओळीत लिहू शकलो असतो. ती ओळ मी कच्च्या खर्ड्यात लिहिली होती, पक्क्यात गाळली.

मला लाज वाटते, ताई. दुसरा शब्द सापडत नाही.

चिंतामणी


२० नोव्हेंबर २०२५

ताई,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. स्पृहा उद्या सकाळच्या एसटीने निघते आहे, तिच्या पर्समध्ये बंद पाकिटात देतो. दुपारी उतरेल. पत्ता तिने तुझ्या पाकिटावरून घेतलाय.

ती काय घेऊन येते ते सांगतो. तो खोटा कागद तिच्याकडे आहे, तो तुझ्या हातात द्यायचा आणि माफी मागायची असं तिने ठरवलंय. मी म्हटलं, माफी मी मागायची, तू कशाला? तर म्हणाली, “दाखवला मी होता ना.” दुसरा तिने स्वतः तयार केलेला अर्ज आहे, पावती आपल्या दोघांच्या नावाने व्हावी म्हणून. तुला पटला तर तिच्या हातात खरा कागद पडेल. गुणाजींनी सांगून ठेवलंय, ललिताबाईंची सही डोळ्यांनी बघितली की त्याच दिवशी देतो.

तो अर्ज तिने चार दिवसांपूर्वी माझ्यापुढेही ठेवला होता, सहीसाठी. मी चार दिवस केली नाही. खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहितो. रोज सकाळी कागद उघडायचो, चष्मा लावायचो आणि मिटून ठेवायचो. आज सीमा समोर येऊन बसली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “अहो, ताईंनी तुमच्यापुढे किती वेळ घेतला होता सही करायला?”

पिठाचे हात पुसायला लागला तेवढा.

स्पृहाच्या अर्जावर मी सही केलेली नाही. तो तिने तिच्या समजुतीने लिहिलाय, दोघांची नावं, अर्धं अर्धं. तुला ते हवंय की नाही हे तुला कुणी विचारलेलंच नाही. तू सहा वर्षांपूर्वी एकदा विचारलंस, त्यानंतर विचारायची पाळी माझी होती.

पोर दारात उभी राहील. सही द्यायची नसेल तर देऊ नकोस, तिची नोकरी जाईल, जाऊ दे. तिला आता मी काउंटरवर बसू देणार नाही, आणि ती माझं ऐकणारही नाही. पण तिला आत घे. प्रवासात ती काही खात नाही, तुझ्या हातचा मऊभात तिला आवडायचा.

पाकिटात मागे बघ. कोरा कागद आहे, तळाशी माझी सही आहे, आजची तारीख घातलेली. त्याच्यावर तुला हवं ते लिही. दोघांची नावं लिही, एकटीचं लिही, मला खोलीतून काढायचं असेल तर तेही लिही. माझी काही हरकत नाही. स्पृहाला आत्ता दाखवू नकोस, ओरडेल. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे तिला मीच शिकवलंय.

दोन कागद ठेवलेत. एक जास्तीचा असू दे, खाडाखोड झाली तर.

चिंतू